अ‍ॅक्शन फिगरचा स्कल्प्ट चांगला, म्हणजे नक्की काय बघायचं?

शेल्फवाला
मंडळी, स्कल्प्टबद्दलचा, म्हणजे फिगरच्या घडणीबद्दलचा, प्रश्न बाळबोध आहे पण दुसरीकडे कुठे विचारायचा कळेना म्हणून इथे टाकतोय. माझ्याकडे एकाच सुपरहिरोच्या दोन फिगर आहेत, दोन वेगळ्या कंपन्यांच्या, दोन्ही साधारण सहा इंची. पहिलीला सांधे जास्त, रंगकाम चकचकीत, जवळून बघितलं तर कातडीवरची छिद्रंसुद्धा दिसतात. दुसरी त्या मानाने साधीच आहे. तरी शेल्फसमोरून जाताना नजर जाते ती दुसरीकडेच, पहिली आपली नुसती उभी असते. यूट्यूबवर रिव्ह्यू बघावेत तर प्रत्येक जण सुरुवातीला "स्कल्प्ट काय जबरदस्त आहे" म्हणतो आणि मग पुढची दहा मिनिटं कोपर किती वाकतं ते दाखवत बसतो. जबरदस्त म्हणजे काय जबरदस्त ते कोणीच सांगत नाही. तर ज्यांना कळतं त्यांनी सांगा, बघायचं कसं? आणि हल्ली सगळं कॉम्प्युटरवरच होतं म्हणतात, मग त्यात हाताची कला उरलीय का?

पितळी_दरवाजा
बाळबोध कसला, इथे वर्षानुवर्षं गोळा करणारे पण हा प्रश्न विचारत नाहीत. डिटेल वेगळं आणि स्कल्प्ट वेगळा, घोळ सगळा इथेच होतो. सहा इंची फिगर म्हणजे माणसाच्या साधारण बाराव्या हिश्शाची. खऱ्या जॅकेटच्या बाहीवर एखादी चुणी समजा एक सेंटिमीटर खोल असेल तर बाराने भागल्यावर तिचं एक मिलिमीटरसुद्धा उरत नाही, आणि त्यावर रंगाचा थर बसतो तो काही बाराने भागलेला नसतो, तो असतो तेवढाच जाड. म्हणजे जसंच्या तसं लहान केलं की चुणी बुजलीच. म्हणून शिल्पकार ती मुद्दाम खोल घेतो, कड जास्त धारदार ठेवतो, आणि दहा चुण्यांमधल्या सहा सरळ उडवून टाकतो. कुठल्या चार ठेवायच्या, तिथे माणूस कळतो. कोपराच्या आत जिथे कापड दबून गोळा होतं तिथली पाहिजेच, खांद्यावरून काखेकडे ताण येतो तिथली पाहिजे, बाकी गेल्या तरी चालतात. तुझ्या दुसऱ्या फिगरवर चुण्या मोज, पहिलीपेक्षा कमी निघतील बघ, पण प्रत्येक चुणीला उगम असेल.

आता ती छिद्रं. बाराव्या हिश्शात माणसाच्या कातडीची छिद्रं दिसायलाच नको खरं तर. ती झेडब्रश नावाच्या कॉम्प्युटरवर शिल्प घडवायच्या सॉफ्टवेअरमधल्या तयार छाप्याने मारलेली असतात, एकदा ब्रश फिरवला की झालं. ओळखायची खूण म्हणजे कपाळ, गाल, हनुवटी सगळीकडे एकसारखीच खरड दिसते. खरा चेहरा तसा नसतो ना, नाकावरची कातडी वेगळी, कपाळावर आडव्या रेघा, डोळ्याखाली तर अगदी पातळ. आणि सिमेट्री. सॉफ्टवेअरमध्ये अर्धा चेहरा घडवला की दुसरा अर्धा आपोआप होतो, सुरुवात सगळे तशीच करतात, पण पुढे ती बंद करून एक भुवई जरा वर, जबडा जरा एका बाजूला, ओठाचा एक कोपरा दाबलेला असं पुन्हा हाताने करावं लागतं. ते न करता तसाच पाठवला की चेहरा सुबक दिसतो पण त्यात कोणी राहत नाही. तुझी पहिली फिगर बहुतेक या जातीची.

घरच्या घरी करायची गोष्ट सांगतो. रात्री खोलीतला दिवा बंद कर, मोबाईलचा टॉर्च एका बाजूने धर आणि हळूहळू फिगरभोवती फिरव. चांगल्या स्कल्प्टवर सावल्या मोठ्या मोठ्या तुकड्यांत सरकतात, भुवईचं हाड, गालाचं हाड, जबडा, छातीचा खालचा काठ असं एकेक उजळत जातं. वाईट स्कल्प्टवर उजेडाचा नुसता चुरा होतो, डोळा कुठेच टेकत नाही. मग हात बघ, म्हणजे पंजे. चेहऱ्यावर सगळेच जीव ओततात, बोटांची पेरं आणि अंगठ्याच्या बुडाचा फुगवटा नीट केलाय का त्यावरून कळतं की काम घाईत उरकलंय की नाही. कान आणि मानेची मागची बाजू पण बघ. अमेरिकेत सॅन डिएगो कॉमिक-कॉन नावाचा कॉमिकवाल्यांचा मेळावा भरतो, तिथे कंपन्या रंग न लावलेले ग्रे प्रोटोटाइप म्हणजे पहिले नमुने मांडतात, त्यांचे फोटो शोधून बघत जा, रंग डोळ्यांना फसवतो, ग्रे प्लास्टिकला लपायला जागा नसते.

नुसतीच_वाचक
मी गोळा करत नाही, भाचा करतो, त्याच्यामुळे हा धागा वाचला. राग मानू नका, पण याला कला म्हणायचं का खरंच? नटाचं डोकं स्कॅन करायचं, प्रिंट काढायची, चीनमध्ये हजारो नग पाडायचे आणि तीस-चाळीस हजाराला विकायचे. यात शिल्पकार नक्की काय करतो?

पितळी_दरवाजा
ताई, राग कसला, तुमची शंका रास्त आहे. पण स्कॅनमध्ये नट जसा त्या वेळी बसला होता तसाच येतो, म्हणजे बहुतेक वेळा निर्विकार, आणि आपल्या डोक्यात तो नट असतो तो एखाद्या विशिष्ट भावासकट. त्या दोघांच्या मधलं अंतर माणूसच भरतो. हाँगकाँगची हॉट टॉईज बघा, २००० साली हॉवर्ड चॅननी काढलेली, माणसाच्या सहाव्या हिश्शाच्या म्हणजे फूटभर उंचीच्या फिगर करतात. त्यांच्या माहितीत डोकं कोणी घडवलं आणि कोणी रंगवलं ते नावासकट देतात, कोरियन शिल्पकार युली आणि रंगकाम बघणारे जे सी हाँग ही नावं गोळा करणाऱ्यांना पाठ असतात. त्यांच्या काही डोक्यांत बुबुळं फिरवता येतात, आत यंत्रणा असते आणि दोन्ही डोळे एकाच वेळी एकाच दिशेला वळतात. नुसतं सांगायला गंमत वाटते, पण त्यासाठी पापण्या इतक्या पातळ कापाव्या लागतात आणि बुबुळावर इतक्या नेमक्या टेकवाव्या लागतात की केसभर चुकलं तर डोळे वटारल्यासारखे दिसतात. वरच्या पापणीची बारीक सावली डोळ्यावर पडली तरच नजर जिवंत वाटते. भाच्याकडे असेल तर त्याला विचारून एकदा हातात घेऊन बघा, म्हणजे तो देत असेल तर!

किमतीबद्दल मी काही बोलत नाही, तो विषय निघाला की माझाच बीपी वाढतो.

मातीकाम
नमस्कार. मी पेणच्या बाजूचा, घरचा गणपतीचा कारखाना आहे, फिगर मोजक्याच आहेत पण साच्याबद्दल थोडं बोलू शकतो, कारण तो भाग कोणी बघत नाही आणि अर्धी कला तिथेच आहे.

आमच्याकडे पीओपीचा माल रबराच्या साच्यातून निघतो. रबर ताणून सोलून काढता येतं, त्यामुळे सोंडेखाली, कानामागे थोडी आत गेलेली जागा असली तरी निभावतं. फिगरचा साचा पोलादाचा असतो. दोन भाग समोरासमोर बसतात, आत वितळलेलं प्लास्टिक जोरात दाबून भरतात, थंड झालं की साचा सरळ रेषेत उघडतो. आडवं तिरकं काही अडकलं की संपलं, ना माल निघणार ना साचा टिकणार. आता समजा केसांची बट कपाळावर लोंबतेय आणि तिच्यामागे पोकळी आहे, तर एका तुकड्यात ते येतच नाही. मग एकतर बट वेगळी ओतून चिकटवायची, नाहीतर पोकळी भरून टाकायची. स्वस्त फिगरमध्ये ती भरलेली असते, म्हणून केस कपाळाला चिकटल्यासारखे दिसतात. पीव्हीसी हे प्लास्टिक गरम असताना जरा मऊ असतं, थोडंफार अडकलं तरी दबून बाहेर येतं, म्हणून चेहरे, केस, कपडे त्यात जास्त करतात. एबीएस हे दुसरं प्लास्टिक कडक, ते सांध्यांना चांगलं पण साच्यात ते अजिबात माफ करत नाही.

दुसरं, साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे मालावर बारीक रेघ उठते. फिगर हातात घेतली की मी आधी ती रेघ शोधतो. साध्या कामात ती दंडावरून, पोटरीवरून सरळ खाली आलेली दिसते. जाणत्या माणसाच्या कामात ती पँटच्या शिवणीवर नेऊन घातलेली असते, किंवा केसांच्या दोन बटांमधल्या फटीत, पट्ट्याच्या काठाला. म्हणजे घडवतानाच त्याला माहीत असतं की हे पुढे कुठे कापलं जाणार आहे. पूर्वी हे सगळं मेणात नाहीतर स्कल्पीसारख्या भट्टीत भाजायच्या मातीत करायचे, पुष्कळदा दुप्पट आकारात घडवून पँटोग्राफने, म्हणजे आकार प्रमाणात लहान-मोठा करणाऱ्या यंत्राने, लहान करायचे. आता झेडब्रश आहे पण कापायची अक्कल तीच लागते. हाताची कला उरलीय का विचारलंस ना, हात बदलला फक्त, पेन आणि टॅब्लेट आलं. डोळा तोच आहे.

चिबाकर
वा, भारी चाललाय धागा. मी कामानिमित्त जपानात, चिबाला असतो, मकुहारी मेस्से या प्रदर्शनाच्या जागी वर्षातून दोनदा वंडर फेस्टिव्हल हा फिगरचा मेळावा भरतो तिथे जाणं होतं. मोठ्या कंपन्या असतातच पण मजा आहे ती हौशी लोकांच्या टेबलांवर. घरी घडवून रेझिनमध्ये (ओतून घट्ट होणारं प्लास्टिक) ओतलेले सुट्या तुकड्यांचे किट घेऊन बसलेले असतात, आणि कॅरेक्टरचे हक्क त्यांना फक्त त्या एका दिवसापुरते मिळतात, तशी पद्धतच आहे तिथे. म्हणजे दिवस संपला की ते किट पुन्हा अधिकृतपणे विकता येत नाही. आज कंपन्यांत असलेले कितीतरी शिल्पकार त्या टेबलांवरून वर आलेत.

पण मला वरच्या एका मुद्द्यावर बोलायचंय. पितळी_दरवाजा, तुम्ही सगळं स्थिर उभ्या फिगरबद्दल बोललात. यामागुची काट्सुहिसा यांचं काम बघितलंय का? ओसाकाकडच्या कायोडो कंपनीसाठी रिव्होल्टेक ही मालिका २००६ ला सुरू झाली त्यातलं. त्यांचा स्पायडरमॅन सरळ उभा करून ठेवला तर विचित्रच दिसतो, मांड्या कुठेतरी, कंबर कुठेतरी, सांध्यांच्या फटी उघड्या. पण उकिडवा बसवला, एक हात पुढे काढला, मान तिरकी केली की एकदम सगळं जुळतं, कॉमिकच्या पानावरून आत्ता उतरलाय असं वाटतं. म्हणजे माणूस शरीर घडवत नाहीये, तो पोझ घडवतोय, आणि ती पोझ कुठल्या बाजूने बघितली जाणार तेही त्याने आधीच ठरवलंय. सांधा त्याच्यासाठी अडचण नाहीच मुळी, तेच त्याचं हत्यार आहे.

आणि अगदी दुसऱ्या टोकाचं उदाहरण म्हणजे १९९९ ला फुरुता या चॉकलेटवाल्यांनी चोको एग काढलं, चॉकलेटच्या अंड्यात छोटासा प्राणी. ते प्राणी कायोडोच्या मात्सुमुरा शिनोबू यांनी घडवलेले. नखाएवढं डोकं, पण कोल्हा आहे की रॅकून डॉग हे पाठीच्या बाकावरून कळतं. तुम्ही म्हणता ते "काय ठेवायचं काय उडवायचं" याची तिथे खरी परीक्षा, कारण उडवायलाच जास्त होतं. मोठ्या माणसांनी पेट्याच्या पेट्या विकत घेतल्या तेव्हा.

जुनी_खेळणी
यामागुची मला नाही आवडत बाबा. फोटोत उत्तम, शेल्फवर सहा महिने ठेवली की सांध्याच्या फटीच दिसत राहतात. चव ज्याची त्याची.

मी जरा जुन्याकडे नेतो. आपल्यातल्या बऱ्याच जणांचा पहिला हीमॅन दूरदर्शनवरचा आणि हातातला असला तर लिओ कंपनीने भारतात काढलेला. मूळ खेळणं मॅटेलचं, १९८२ चं, साडेपाच इंची, कंबर पिळून सोडली की झटक्याने ठोसा मारणारं. ते आज नीट बघा. गुडघे कायमचे वाकलेले, छाती पिंपाएवढी, मान जवळजवळ नाहीच. शरीरशास्त्राच्या दृष्टीने सगळं चूक. पण ती अर्धी बैठक बघितली की वाटतं हा आत्ता झेप घेणार, आणि मुलाच्या मुठीत ती मांडी बरोब्बर बसते. आणि मातीकाम म्हणाले तसा पोलादी साचा महाग, म्हणून तेच धड अनेक पात्रांना वापरलं, डोकं आणि चिलखत बदललं की नवीन माणूस तयार. एकच छाती हिरोची पण आणि खलनायकाची पण शोभली पाहिजे अशी घडवणं हे काही सोपं काम नाही, तिथे भाव देऊन चालतच नाही, नुसता जोर द्यायचा.

मग कॉमिकवाला टॉड मॅकफार्लेन आला १९९४ ला, त्याच्याच स्पॉन या कॉमिक पात्राच्या फिगर घेऊन. त्याने खेळणं कमी आणि पुतळा जास्त केला, सांधे पुढेपुढे नावालाच राहिले पण चिंध्या, साखळ्या, दात, नखं, असलं काम तोवर खेळण्याच्या दुकानात कोणी बघितलं नव्हतं. बाकीच्या कंपन्यांना झक मारत वर यावं लागलं. तिथलेच काही शिल्पकार १९९९ ला बाहेर पडले आणि फोर हॉर्समेन स्टुडिओ काढला, आणि गंमत बघा, २००२ ला हीमॅन पुन्हा घडवायचं काम आलं त्यांच्याकडेच. २००८ ची हीमॅनचीच क्लासिक्स मालिका पण त्यांचीच, त्यात त्यांनी जुनी धडं वाटून घ्यायची युक्ती परत आणली. पुढे २०१५ ला किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करून स्वतःची मिथिक लीजन्स ही योद्ध्यांच्या फिगरची मालिका काढली. त्यातलं चिलखत हातात घेऊन बघा एकदा. ठोकून काढलेल्या पत्र्यावर जसे उथळ खोलगे असतात तसे आहेत, कुठेच सपाट नाही, आणि काठाला पत्र्याची जाडी दाखवलीय. त्यावर काळपट रंगाचा पातळ हात मारला की तो खोलग्यांत जाऊन बसतो, शिल्पकाराने रंगाऱ्यासाठी जागाच करून ठेवलेली असते. आणि हे सगळे हात पाय डोकी एकमेकांना बदलून बसतात, म्हणजे एका योद्ध्याचा खांदा दुसऱ्याच्या दंडाला लावला तरी वाईट दिसत नाही.

माझं म्हणणं एवढंच की सांधे आणि स्कल्प्ट यांचं भांडण कायमचं आहे. छातीत पुढे-मागे जाणारा खांद्याचा सांधा घातला की दोन्ही हात समोर आणून तलवार धरता येते, झकास, पण छातीचा स्नायू मधोमध चिरला जातो. पोटात वाकायचा सांधा घातला की पोटाच्या वड्यांची वाट लागते. मला विचाराल तर कमी वाकली तरी चालेल.

पितळी_दरवाजा
जुनी_खेळणी, पोटाबद्दल सहमत पण पूर्ण नाही. आता तो काप बरगड्यांच्या कमानीखाली बसवतात, शरीरात तिथे सावली असतेच, तिच्यात काप लपतो. गुडघ्याला मात्र अजून कोणाला जमलेलं नाही, दुहेरी सांधा सरळ केला की पाय बाजूने बघितल्यावर तिथे पायाची रेघ तुटतेच.

शेल्फवाला
काय लिहिलंय लोकहो, थँक्यू. टॉर्च फिरवून बघितला. पहिलीच्या चेहऱ्यावर खरंच सगळीकडे एकच खरड आहे, आणि दुसरीच्या बाहीवर मोजून चार चुण्या, पण चारही कोपराकडेच धावतायत. मातीकाम दादा, तुमची ती रेघ पण सापडली, पहिलीला पोटरीवरून सरळ खाली, दुसरीची बुटाच्या शिवणीत गेलीय.

अजून एक विचारू का? मार्केटमध्ये फर्स्ट कॉपी मिळते चौथाई किमतीत. फोटोत तर सेम दिसते. स्कल्प्ट तोच म्हणायचा का?

मातीकाम
नाही रे. बहुतेक वेळा ते लोक तयार फिगर विकत घेऊन तिच्यावरूनच साचा काढतात. साच्यातून निघालेल्या मालावरून परत साचा. आता प्लास्टिक थंड होताना आकसतं, मूळ कंपनी ते धरून साचा मोठा करते, कॉपीवाला धरत नाही, म्हणून शेजारी उभी केलीस तर कॉपी किंचित बुटकी निघते. आणि काठ मरतात. पापणी, ओठांची मधली रेघ, नखं, हे आधी जातं. वर पहिल्या फिगरवरच्या रंगाचा थर पण साच्यात उतरतो आणि त्यावर परत रंग, मग काय उरणार. आमच्याकडे पण दुसऱ्याच्या मूर्तीवरून साचा मारणारे आहेत, पाच फुटांवरून ओळखू येतं.

जुनी_खेळणी
कॉपी वाईटच, पण लोक घेतात कारण खरी परवडत नाही हेही खरं. २०२० च्या बजेटमध्ये खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २० टक्क्यांवरून ६० केली, २०२३ ला ७० झाली, आणि २०२१ पासून बीआयएसचा, म्हणजे सरकारी गुणवत्तेचा, शिक्का सक्तीचा. देशातल्या कारखान्यांना फायदा झाला असेल, ते चांगलंच, पण आपल्या छंदाचं कंबरडं मोडलं. कोणी नातेवाईक परदेशातून येणार असला की आधी त्याच्या बॅगेत जागा किती ते विचारायचं.

नुसतीच_वाचक
भाच्याने दिली हातात. दोन मिनिटं, आणि खाली गादी अंथरून. डोळ्यांचं तुम्ही म्हणालात ते दिसलं. किमतीबद्दल माझं मत तेच आहे.

शेल्फवाला
ताई, गादी वाचून खूप हसलो. चिबाकर, ते रेझिनचे किट रंग न लावलेले असतात ना? एखादं घेऊन नुसतं ग्रे ठेवलं तर? मला आता रंगापेक्षा घडणच बघाविशी वाटतेय.

चिबाकर
ठेवता येतं की, बरेच जण ठेवतात. तुकडे सुटे येतात, स्वतः जोडायचे. आधी साबणाच्या कोमट पाण्यात धुवून घे, साच्यातून सुटायला तेलकट काहीतरी लावलेलं असतं ते गेलं नाही तर प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, धरत नाही. घासायचं असेल तर ओल्या पॉलिश पेपरने आणि मास्क लावून, रेझिनची धूळ फुफ्फुसाला वाईट. मग प्रायमरचा एक पातळ हात, बास.

मातीकाम
आणि प्रायमर ग्रेच घे, पांढरा नको. पांढऱ्यावर बारीक सावल्या उडून जातात. शेल्फमध्ये दिवा लावणार असशील तर डोक्यावर बरोबर मधोमध लावू नको, जरा पुढे आणि एका बाजूला.